व्याख्यान ठेवा, पण पाकिटंही आणायला सांगा

महिन्याला एका तज्ज्ञाचं व्याख्यान ठेवलं की प्रौढांना आरोग्याचं पुरेसं ज्ञान मिळेल, असं काही जण म्हणतात. ठेवा की, पण सगळी भिस्त त्यावर नको. लोक माना डोलावतात, ‘समजलं का?’ विचारलं की एका सुरात ‘हो’ येतं आणि घरी गेल्यावर गोळी जेवणाआधी की नंतर यावरून वाद सुरू.

त्यापेक्षा दहा-बारा जणांना गोल बसवा आणि घरातली औषधांची पाकिटं आणायला सांगा. तापाची गोळी आणि सर्दीची गोळी शेजारी ठेवून मागचा बारीक मजकूर वाचायला लावा. पुष्कळदा दोन्हींत पॅरासिटामॉल निघतं! निरोगी प्रौढासाठी २४ तासांत ४००० मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा. ५०० मिलिग्रॅमच्या दोन-दोन गोळ्या चार वेळा घेतल्या की ती तिथेच संपते. वर सर्दीची गोळी घेतली की यकृताला धोका. हा हिशेब ज्याचा त्याने केला की डोक्यात पक्का बसतो.

आणि ‘समजलं का’ऐवजी ‘घरच्यांना हे कसं सांगाल, जरा सांगून दाखवा’ असं म्हणा. चुकलं तर शिकवणाऱ्याने वेगळ्या शब्दांत पुन्हा सांगायचं, कारण परीक्षा त्याची आहे. वाचन जोडीने ठेवा, म्हणजे वाचता न येणाऱ्यांना (चष्मा घरी राहिला म्हणणारे बरेचदा तेच!) अवघडल्यासारखं होत नाही.

पत्रकं वाटायचीच असतील तर मोठी अक्षरं आणि एका पानावर एकच गोष्ट, एवढं पुरे.