उत्तर: कांजीच्या गोष्टी एकमेकींत मिसळतात, त्यावर

कांजी म्हणजे जपानी लिपीतली चिन्हं; ती लक्षात ठेवायला प्रत्येकीच्या घटकांवरून, म्हणजे तिच्यातल्या छोट्या भागांवरून, एक गोष्ट रचतात. दोनेकशे कांजींनंतर या गोष्टींची सरमिसळ होते, ही तक्रार खरी आहे. पण दोष बहुतेक वेळा गोष्ट सैल असल्याचा असतो. 'देऊळ' या अर्थाचा घटक घ्या. त्याच्या डावीकडे सूर्य आला की 'वेळ', हात आला की 'धरणे', पाऊल आलं की 'वाट पाहणे', माणूस आला की 'सामुराई', बैल आला की 'खास'. "कोणीतरी देवळात गेलं" अशी गोष्ट पाचांनाही लागू पडते, म्हणून निरुपयोगी. गोष्टीचा कणा डावीकडचा घटकच हवा: हाताने घंटेचा दोर घट्ट धरला, दर्शनाच्या रांगेत पाऊल उचललं, पण पुढे सरकेना. जागाही सांभाळा. सूर्य कळसावर चढवलात तर लिहितानाही तो वरच जाईल.

घटकाला एकदा दिलेला अर्थ बदलू नका. उजळणी अर्थावरून कांजी लिहून करा. नुसती ओळखणं फसवं असतं.

उच्चार मात्र गोष्टीत कोंबू नका. देऊळ, वेळ, धरणे, सामुराई या चौघांचा ओन उच्चार (चिनीवरून आलेला उच्चार) 'जी'च आहे, तो घटकच सांगतो. 'वाट पाहणे'चा 'ताई' आणि 'खास'चा 'तोकु' हे अपवाद शब्दांतूनच पाठ करावेत.