प्रार्थना येत नाही तेव्हा ख्रिस्ती माणसाने काय करायचे?

नगरची_लेक

माहेर नगरचे, सासर वास्कोचे. घर मराठी ख्रिस्ती, प्रोटेस्टंट. इथल्या कॅथलिक शेजाऱ्यांना आमचे अभंग म्हणणे अजून नवलाचेच वाटते. गेल्या वर्षी यजमानांच्या किडन्या निकामी झाल्या. आता आठवड्यातून तीनदा बांबोळीच्या इस्पितळात डायलिसिस, म्हणजे मशीनने रक्त शुद्ध करणे, दर वेळी चार तास. पाणी मोजून प्यायचे. शेजारची बाय मायेने शहाळे घेऊन येते आणि मला ते परत पाठवावे लागते, कारण त्यातले पोटॅशियम निकामी किडन्यांना बाहेर टाकता येत नाही. गोव्यात राहून माणसाला शहाळेच वर्ज्य व्हावे, याला काय म्हणायचे!

प्रश्न उपचारांचा नाही. मागच्या रविवारी प्रार्थनासभेत एक भाऊ सगळ्यांसमोर म्हणाले, "ताई, विश्वास कमी पडतोय, नाहीतर मशीन केव्हाच सुटले असते." तेव्हापासून मला प्रार्थनाच येत नाही. डोळे मिटले की राग येतो. त्या भावांचा नाही, देवाचा. (त्यांचाही थोडा.) किडन्या पुन्हा चालू होणार नाहीत हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे. प्रत्यारोपणासाठी नाव घातलेय, तेवढेच. मग आपण 'आशा' म्हणतो ती कशाची? पुनरुत्थानाचे मला सांगू नका, वडील पाळक (पास्टर) होते, ते पाठ आहे. बुधवारी संध्याकाळी डायलिसिसहून घरी परतताना धरता येईल असे काही असेल तर सांगा.

बाणावलीकार

मराठी शाळेतच शिकलो, तरी चुकले तर सांभाळून घ्या. माझी आई सात वर्षे अंथरुणाला होती. त्या वर्षांत कुणी सल्ला द्यायला आले की मला बायबलमधल्या ईयोबाचे मित्र आठवायचे. ईयोब भला माणूस, तरी सगळे गमावून रोगाने पिडलेला. मित्र आले, सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक शब्द बोलले नाहीत. तोवर ठीक होते. तोंड उघडले, दोष त्यालाच दिला आणि सगळे बिघडले. गंमत अशी की शेवटी देव रागावतो तो त्या मित्रांवर. ईयोबाने एवढी तक्रार केली, तरी माझ्याविषयी योग्य तो बोलला, असे देव म्हणतो. तुमच्या भावांना ईयोबाच्या पुस्तकाचा बेचाळिसावा अध्याय वाचायला द्या, सावकाश.

आणि बायबलमधले अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तुम्ही वाचा. बाकीची बहुतेक रडगाणी शेवटी स्तुतीकडे वळतात, हे वळत नाही. अंधारातच संपते. तरी ते कुणी शास्त्रातून काढून टाकले नाही. आईच्या उशाशी मी तेच वाचायचो. पाद्रीला सांगितले तर म्हणाला, "बरें केलें."

बसवाला_07

बांबोळीला हायवेवर फुलांचो खुरीस (क्रूस) आहे. हिंदू, क्रिस्तांव सगळे थांबतात. मेणबत्ती लावा. बोलायला येत नसेल तर बोलू नका.

फोंड्याचे_मास्तर

मी हिंदू, निवृत्त मराठी शिक्षक, तेव्हा तुमच्या शास्त्रात लुडबुड करत नाही. पण 'नवलाचे' हा शब्द खटकला. फादर स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट पाद्री 1579 मध्ये गोव्यात आले, 1619 पर्यंत इथेच राहिले. त्यांचे क्रिस्तपुराण 1616 मध्ये गोव्यातच रायतूरला (राशोलला) छापले गेले: ख्रिस्ताची कथा, मराठी ओव्यांत, रोमन लिपीत. जुनी पुराणे हातची गेलेल्या नवख्रिस्ती लोकांना वाचायला काहीतरी हवे होते, त्यांच्यासाठी. त्या पहिल्या छपाईची एकही प्रत आज उरलेली नाही, पण लोकांनी हाताने नकला करून ते जपले. तेव्हा मराठीत येशूपाशी गाऱ्हाणे घालणाऱ्या गोव्यातल्या तुम्ही पहिल्या नाहीत, चारशे वर्षांची रांग आहे. आणि देवाशी भांडायचे म्हणाल तर आमच्या तुकोबांनी विठोबाला काय काय ऐकवले आहे! भांडण परक्याशी होत नाही हो.

नगरची_लेक

सगळ्यांचे आभार. मास्तर, तुमचे शेवटचे वाक्य यजमानांना वाचून दाखवले. ते म्हणाले, "मग आपला संसार फार घट्ट आहे."

बाणावलीकार, तुमच्यामुळे एक विसरलेली गोष्ट आठवली. उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) आमच्या मंडळीत वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलत. पहिला, क्षमेचा उद्गार सगळ्यांना हवा असायचा. चौथा कुणी घेत नसे: "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" तो दर वर्षी बाबांकडे यायचा. ते बाविसावे स्तोत्र काढायचे आणि सांगायचे, येशू मरताना आपल्या लोकांची जुनी तक्रारच म्हणत होता. आई गेली त्या वर्षी ते उभे राहिले, तो उद्गार वाचला आणि खाली बसले. दोन मिनिटेही झाली नाहीत. मला तेव्हा फार लाज वाटली होती.

काल खुर्चीशेजारी बसून मीही तेवढेच म्हटले, मनात. पुढे काही सुचले नाही, मग यजमानांच्या हातावरच्या फिस्टुलावर, म्हणजे डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने जोडलेल्या रक्तवाहिनीवर, बोटे ठेवून बसले. रक्त वाहताना तिथे मांजर गुरगुरल्यासारखी थरथर लागते. ती लागली की चालू आहे समजायचे, असे नर्सने शिकवलेय.

खुरसाकडे अजून थांबले नाही. आमच्या नगरकडच्या अंगाला मेणबत्तीची सवय नाही, बघू. पण शेजारच्या बायला सांगून टाकले, शहाळे नको, नुसती येऊन बस. ती आली. तासभर आम्ही बांगड्यांच्या भावावर बोललो.