'रोबोटेक'ने 'मॅक्रॉस'ची वाट लावली का?

अवकाशवेडा: माझं उत्तर 'हो'. 'सुपर डायमेन्शन फोर्ट्रेस मॅक्रॉस' ही १९८२-८३ची ३६ भागांची जपानी कार्टून मालिका. अमेरिकेत ती १९८५ साली 'रोबोटेक' या नावाने आली, तीही 'सदर्न क्रॉस' आणि 'मॉस्पीडा' या दोन मालिकांना जोडून. त्यांचा मॅक्रॉसशी काडीचाही संबंध नव्हता! पात्रांची नावं बदलली, हिकारूचा रिक केला, मिसाची लिसा केली, तेही एक वेळ चालवून घेऊ. पण गाणी बदलली, ते कसं खपवून घ्यायचं? झेंत्राडी म्हणजे कथेतले परग्रहवासी शत्रू, त्यांना लढाईपलीकडे काही ठाऊकच नसतं. गायिका मिनमेचं गाणं कानावर पडतं आणि ते महाकाय सैनिक भांबावून जातात. अख्खी कथा मिनमेचा मूळ आवाज असलेल्या मारी इइजिमाच्या गळ्यावर उभी आहे, आणि नेमका तोच आवाज काढून टाकला.

जुनी कॅसेट: असहमत. तिकडे रोज एक भाग दाखवायचा तर निदान ६५ भाग हाताशी लागायचे. ३६ भागांची मालिका घेणार कोण? 'रोबोटेक'चा निर्माता कार्ल मेसेकने तिन्ही मालिका जोडून ८५ भाग केले, म्हणून तर ती लोकांपर्यंत पोचली. आणि १८वा भाग आठवा. जखमी वैमानिक रॉय काही न सांगता प्रेयसी क्लॉडियाच्या घरी येतो, गिटार वाजवत बसतो. ती त्याच्यासाठी अननसाचं सॅलड करतेय आणि मागे तो कोसळतो. त्या काळच्या अमेरिकी कार्टूनमध्ये विमान पडलं तरी वैमानिक पॅराशूटने सुटायचेच. मेसेकने रॉयचा मृत्यू लपवला नाही. मुलांना कमी लेखलं नाही, याचं श्रेय त्याला द्याल की नाही?

अवकाशवेडा: रॉयपुरतं देतो. पण पुढचं काय? मॅक्रॉसचे परदेशी हक्क 'रोबोटेक' आणणाऱ्या हार्मनी गोल्ड या अमेरिकी कंपनीकडे, जपानमध्ये बिग वेस्ट आणि तात्सुनोको या मूळ मालिकेमागच्या कंपन्यांची कोर्टबाजी. या भांडणात पुढच्या मॅक्रॉस मालिका वर्षानुवर्षं जपानबाहेर रखडल्या. समझोता झाला थेट २०२१मध्ये! 'मॅक्रॉस फ्रंटियर'सारखी पुढची मालिका रीतसर बघायला एवढी वाट का पाहायची?

नीलकमळ: मूळ मॅक्रॉसचं २००६चं इंग्रजी डबिंग जरूर बघा. मिनमेला आवाज खुद्द इइजिमाने दिलाय. म्हणजे कथा न मोडताही नेता येत होती.

जुनी कॅसेट: २००६मध्ये, हो. तोवर प्रेक्षक तयार झाले होते, आणि त्यातले कितीतरी 'रोबोटेक' बघूनच मॅक्रॉसकडे वळलेले. १९८५मध्ये ते कुठून आणणार होतात?