आजीच्या साजातून भुकटी गळतेय, सोनं खोटं आहे का?

मुग्धा_२१:
आजीचा कोल्हापुरी साज परवा चुलतबहिणीच्या लग्नात घातला. आदल्या रात्री रिठ्याच्या कढत पाण्यात अर्धा तास भिजवून घासला होता. लग्नातून आल्यावर बघते तर माशाचं पान (साजातलं पदक) चेपलेलं आणि कडेच्या चिरेतून तांबूस भुकटी गळतेय! पेढीवर वजन भरलं ३२ ग्रॅम. म्हणाले, आत भरलेली लाख (झाडावरची राळ) वजा जाता सोनं २० ग्रॅमच, मोडून नवीन घ्या. आईचा जेवणावरून जीवच उडालाय. आजीला फसवलं होतं का?

गुजरीतला_कारागीर:
ताई, आईंना आधी जेवायला घाला. कुणी फसवलेलं नाही, साज असाच घडतो. पान भरीव नसतं. २२ कॅरेटचा पत्रा कागदासारखा पातळ करायचा, ठशावर ठोकून मासा, कासव उठवायचं, मागे सपाट पत्रा झाळायचा, म्हणजे डाग देऊन जोडायचा, आणि ठेवलेल्या भोकातून लाख भरायची. लाख नसेल तर पान बोटानंसुद्धा चेपतं. दहा अवतार, आठ अष्टमंगळ म्हणजे शुभचिन्हं, माणिक-पाचूची दोन आणि एक ताईत, अशी २१ पानं सोन्याची भरीव केली तर मान मोडेल.

घोळ कढत पाण्यानं झाला. लाख साधारण ७५ अंशाला मऊ पडते. त्यात घासलंत, पान दबलं, चीर गेली. आतली जुनी लाख ठिसूळ झालेली असते, ती आता गळतेय.

दुरुस्ती होते. पान सुटं करून लाख पूर्ण काढायची, पत्रा आतून उचलायचा, चीर झाळायची, मग नवी लाख. लाखेचा कण आत राहिला तर झाळताना पान फुगून फुटतं. माझं पहिलं कासव असंच गेलं, वडील दिवसभर बोलले नाहीत.

सासुरवाशीण_साताऱ्याची:
आमच्या सासूबाई साजाला पाणीच लावू देत नाहीत. मलमलीचं फडकं, बस्स.

मुग्धा_२१:
दादा, मग मोडू नको ना? आणि वजनाचं?

गुजरीतला_कारागीर:
मोडू नका. बिलावर एकूण वजन आणि लाख वजा वजन वेगळं लिहितात, ते २० बरोबर असेल. हल्ली कॉम्प्युटरवर काढून मेणाच्या नमुन्यावरून ओतलेली पानंही येतात, पण ती जाड. मला नाही आवडत. पानं सुटी करण्याआधी क्रमाचा फोटो काढा, पटवेकऱ्याला, म्हणजे दोऱ्यात दागिने ओवणाऱ्याला, गाठवताना लागेल. आणि मासा पेढीवर ठेवून येऊ नका. त्याचा ठसा आता कुणाकडे सापडेल, सांगता येत नाही.