मदत हवी आहे : 'ब्लॅक टाय' जेवणाला धोतर-टोपी चालेल का?

दिंडोरी तालुक्यात आमची शेनिन ब्लाँ या वाइनच्या द्राक्षांची बाग आहे. ज्या वायनरीला द्राक्षं देतो, तिने पुढच्या शनिवारी मुंबईत वाइन पुरस्कारांच्या जेवणाला वडिलांना आणि मला बोलावलंय. निमंत्रणावर 'ब्लॅक टाय', म्हणजे काळा सूट आणि बो-टाय असा औपचारिक पोशाख, लिहिलंय. वायनरीत विचारलं, तर 'कोट चालेल' एवढंच कळलं. माझा काळा बंदगळा तयार आहे. वडील मात्र धोतर, नेहरू शर्ट आणि टोपीतच येणार, आणि त्यांनी तसंच यावं असं मलाही मनापासून वाटतं. ते माळकरी आहेत, वाइन घेत नाहीत. शाकाहारी जेवण आधीच सांगून ठेवलंय.

अशा जेवणाला गेलेल्यांनी सांगा : वडिलांना दारात अडवतील का? वाढपी वाइन ओतायला आला की ग्लासवर हात धरायचा, की ग्लास आधीच उचलून न्यायला सांगायचा? आणि टोस्टला, म्हणजे शुभेच्छा देत सगळे ग्लास उंचावतात तेव्हा, त्यांनी पाण्याचा ग्लास उंचावला तर यजमानांचा अपमान होईल का?