औषधाच्या स्ट्रिपवरचे इंग्रजी आईने वाचावे कसे?

प्रश्न
माझी आई ८१ वर्षांची आहे. इंग्रजी विषय सुरू होण्याआधीच, सातवीनंतर, तिची शाळा सुटली. वर्तमानपत्र ती अगदी छोट्या जाहिरातींसकट वाचून काढते, आणि ‘शुगर’, ‘बीपी’, ‘रिपोर्ट’ हे शब्द दिवसभर तिच्या तोंडी असतात. मात्र तेच शब्द रोमन लिपीत समोर आले की तिला ओळखू येत नाहीत. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिन या औषधाची मोठी गोळी घशाखाली उतरत नाही म्हणून ती अडकित्त्याने तिचे दोन तुकडे करून घेत होती, हे गेल्या महिन्यात लक्षात आले. स्ट्रिपवर नावापुढे ‘एसआर’ अशी अक्षरे होती, ज्यांचा अर्थ, खरे सांगायचे तर, मलाही ठाऊक नव्हता. या वयात तिला इंग्रजी अक्षरे शिकवावीत, की दुसरा काही मार्ग आहे?

प्रतिसाद १
मी औषधविक्रेता आहे. ‘एसआर’ म्हणजे सस्टेन्ड रिलीज. औषध पोटात गेल्यावर काही तास थोडे थोडे सुटत राहावे अशी त्या गोळीची रचना असते, आणि ती फोडली तर बरेचसे औषध एकदम सुटू शकते. त्यामुळे भाषेचा विचार नंतर करा. आधी डॉक्टरांना भेटून गिळायला सोपी गोळी मिळते का ते विचारा. आम्ही पाकिटावर १-०-१ असे लिहितो, ते सर्वांना कळते. पण ‘अख्खी गिळावी’ हे आकड्यांत मावत नाही आणि दुकानात गर्दी असली की सांगायचेही राहून जाते, हे मला मान्य आहे.

प्रतिसाद २
अक्षरे शिकवून फारसे साधणार नाही, कारण चिठ्ठीवरचे सगळे काही इंग्रजी नसतेच. ‘बीडी’ (दिवसातून दोनदा), ‘टीडीएस’ (दिवसातून तीनदा), ‘एसओएस’ (गरज पडल्यास) ही लॅटिन शब्दांची आद्याक्षरे आहेत. मी आयुष्यभर इंग्रजी शिकवले, तरी ‘टीडीएस’ म्हटल्यावर मला पेन्शनमधून कापलेला करच आठवला. डॉक्टरांनी औषधांची जेनेरिक नावे (कंपनीने दिलेली नव्हे, मूळ औषधाची) सुवाच्य आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावीत, असा नियम भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ मध्ये केला खरा; परंतु त्याने सोय झाली ती काउंटरपलीकडच्या माणसाची. गोळी केव्हा आणि कशी घ्यायची, एवढे तरी मराठीत लिहून मागणे हा आपला हक्क समजावा.

प्रतिसाद ३
सूचना मराठीत असाव्यात, पण औषधाचे छापील नाव जपून ठेवा. सासऱ्यांच्या सोयीसाठी आम्ही गोळ्या काढून ‘सकाळ’, ‘रात्र’ अशा डब्यांत भरल्या होत्या. एका रात्री त्यांना रुग्णालयात न्यावे लागले, तेव्हा कोणती गोळी कशाची हे घरात कोणालाच सांगता येईना. स्ट्रिप कापूनही ठेवू नका. मुदतीची तारीख नेमकी कापलेल्या तुकड्यावर निघून जाते.

प्रश्नकर्ता
सर्वांचे आभार. डॉक्टरांनी आता साध्या प्रकारातली लहान गोळी दोन वेळा घ्यायला सांगितली आहे. स्ट्रिपला रबराने बांधलेल्या कागदावर आईने स्वतःच्या अक्षरात ‘जेवणानंतर, अख्खी’ असे लिहिले आहे. बाकीची मुळाक्षरे नकोत म्हणाली, पण ‘एस’ आणि ‘आर’ तेवढी तिने माझ्याकडून पाटीवर काढून घेतली. नवी स्ट्रिप घरात आली की चष्मा लावून ती आधी तीच शोधते.