वाफा करताना : खणण्याचे तुमचे अनुभव

अंगणवासी
माळा आवरताना बाबांची जुनी कुदळ हाती लागली. दांडा वाळवीने पोखरलाय, पातं मात्र ठणठणीत. खणायच्या आधी बाबा वीतभर खालची माती मुठीत दाबायचे आणि गोळ्याला अंगठा टोचायचे. गोळा फुटला तर वाफसा आलाय, चला कामाला. चिकटून राहिला तर कुदळ परत कोपऱ्यात, रोपं आणून ठेवलेली असली तरी. "चिकणमाती ओली खणलीत तर ढेकळं वाळून दगड होतील, मग फोडत बसा." तुम्ही वाफा कसा करता? कोणाकडून शिकलात? लिहा.

मूठमाती
कंबर. बाकी सविस्तर उठता आलं की लिहिते 😂

खुरपं
हरळी असेल तर यंत्र फिरवूच नका!! शेजाऱ्यांनी मोठ्या हौसेने भाड्याचं यंत्र आणून सगळं भुसभुशीत केलं, दोन दिवस काय छान दिसत होतं. हरळीच्या मुळांचे तुकडे झाले आणि प्रत्येक तुकडा फुटला. लव्हाळ्याचंही तेच, खालची गाठ राहिली की परत हजर. हाताने खणून, माती झटकून मुळं वेचायची, दुसरा उपाय नाही. वेचलेली खतात टाकायची नाहीत, उन्हात कडकडीत वाळवायची.

पाचर
अंगणवासी, दांडा बदलून घ्या, कुदळ टाकू नका. पातं पाण्यात बुडवून दांडा घट्ट करतात तो टिकत नाही, लाकूड वाळलं की परत हलतं. लाकडी पाचर मारा. फटीत वाळूचा कागदही घालतात, पण पाचर ती पाचर.

गांडूळप्रेमी
मी खणतच नाही. गवतावर पुठ्ठे, ते भिजवायचे, वर चांगलं कुजलेलं खत आणि पालापाचोळा. गांडुळं खाली बिळं करतात, त्यातूनच पाणी आणि हवा आत जाते. उलथापालथ केली की ती बिळं मोडतात, आणि खोल झोपलेलं तणाचं बी उजेडात येऊन उगवतं ते वेगळंच.

ढेकूळ
@गांडूळप्रेमी तुमची माती मुळात चांगली असणार. आमच्याकडे घर बांधताना ट्रक फिरलेत, पहार मारली की ठण्ण आवाज येतो. तिथे पुठ्ठा घालून गांडुळांची वाट बघत बसायचं? एकदा फूटभर खणून दोन-तीन इंच खत मिसळलं, वाटा आखून घेतल्या. आता वाफ्यात कोणी पाय ठेवायचा नाही. पोरांनीही. त्यापुढे न खणणं मलाही पटतं.

खुरपं
चिकणमातीत वाळू घालायचा सल्ला कोणी देईल, ऐकू नका. थोड्याशा वाळूने माती विटेसारखी घट्ट होते. खतच घाला.

मूठमाती
उठले. सासूबाई वाफा करून लगेच बी पेरू देत नाहीत. पाणी द्यायचं, दोन आठवडे तण उगवू द्यायचं, मग खुरप्याने अगदी वरवर खरवडायचं आणि मग पेरणी. खोल गेलं की खालचं नवं बी वर येतं. मला घाई असते, पण निंदणी निम्म्यावर येते हे कबूल.

उन्हाळी
कच्चं शेण घालू नका, हुमणी लागते. खणताना पांढऱ्या गुबगुबीत अळ्या दिसल्या तर माती उघडी ठेवा, पक्षी येऊन टिपतात. कुदळ मारली की साळुंक्या अगदी पायाशी येतात.

पाचर
खणताना काय काय सापडलंय कोणाला? आमच्याकडे गोट्या, अर्धा डझन चमचे आणि एक किल्ली. कुलूप कुठलं ते देव जाणे.

ढेकूळ
चमचे!! आमच्याकडेही. घरातले चमचे कमी का होतात ते कळलं.

अंगणवासी
वाचतेय सगळं, छान लिहिताय. @पाचर, दांड्याला कुठलं लाकूड घेऊ?

पाचर
बाभूळ मिळाली तर उत्तम. रेषा सरळ असलेलं बघा, गाठ नको, गाठीशी मोडतं.

उन्हाळी
तयार वाफ्यात मांजर येऊन घाण करते, उपाय आहे का कोणाकडे? मऊ माती दिसली की हिलाच आधी समजतं.

खुरपं
रोपं मोठी होईपर्यंत जाळी अंथरा.

उन्हाळी
अंथरली होती. ती जाळीवर झोपते.